धावणाऱ्या मुलीची भाकरी कमी करून प्रोटीन पावडर सुरू करावी का?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी पंधरा वर्षांची आहे, जिल्ह्याला १५०० आणि ३००० मीटर पळते, वजन ४५ किलो. कोच म्हणतात भात-भाकरी कमी करा आणि पावडर सुरू करा, तर कोणती पावडर घेऊ? पावडरचं पुढे सांगते. आधी हे ऐका: भाकरी कमी करू नका.

मी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला खाणावळ चालवते. होम सायन्स शिकले, लग्नानंतर नोकरी जमली नाही, म्हणून डबे सुरू केले. माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून पळणाऱ्या पोरी जेवतात. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. तेव्हापासून तिकडच्या आईबापांना पोरगी शहरात पळायला पाठवणं पटायला लागलं. या पोरी मला मावशी म्हणतात आणि त्यांच्या ताटात काय पडतं ही माझी जबाबदारी आहे असं मी मानते.

त्यातली एक सुरगाण्याकडची. तिच्या डब्यात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, तीन भाकरी, उडदाची आमटी, पालेभाजी आणि खुरासणीची चटणी असायची. एक दिवस डबा परत आला तर दोन भाकरी तशाच घडी घालून ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. पण चटणीचा कप्पा बोटाने पुसून घेतल्यासारखा स्वच्छ, आमटीचा थेंब नाही. भूक नसलेलं माणूस डबा असा पुसत नाही. मी तिला थांबवून विचारलं. म्हणाली, "सरांनी सांगितलंय, भाकरीने पोट सुटतं." मग एकेक कळत गेलं. दर सोमवारी मैदानावर सगळ्यांसमोर, मुलांसमोरसुद्धा, वजनकाटा ठेवायचे. जिचं वजन वाढलं तिला जादा फेऱ्या.

सुरुवातीला तिची वेळ सुधारली, हे खरं आहे. वजन उतरलं की थोडे दिवस पाय हलके पडतात, आणि कोच लोकांना तेवढं पुरतं. पुढे तिची नडगी दुखायला लागली. बर्फ लाव, पट्टी बांध, पळ. पायऱ्या उतरताना कठडा धरायला लागली तेव्हा मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा फिरवत आणला आणि एका ठिकाणी दाबला तशी ती ओरडलीच. एक्स-रेत काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, निघालं. तिथल्या लेडी डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला. कित्येक महिने आलेली नव्हती. हिमोग्लोबिन बाराच्या आसपास, म्हणजे कागदावर ठीक. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, अगदी तळाला गेलेला.

मी रिपोर्ट घेऊन मैदानावर गेले. सर म्हणाले, "पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग बरोबर चाललंय." आणि पालकांसमोर म्हणाले, "ताई, तुम्ही डबे करा, सायन्स आमच्याकडे राहू द्या." त्यानंतर त्यांच्या ग्रुपच्या मुलींचे डबे माझ्याकडून बंद झाले. पैशांचं सोडा, पण त्या वाक्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि तुमचा प्रश्न वाचून तो पुन्हा वर आला.

आता सायन्स. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला नाव देऊन सविस्तर निवेदन काढलं, रेड-एस, म्हणजे खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं, आणि २०२३ मध्ये ते सुधारून पुन्हा काढलं. गाभा साधा आहे. खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामाची ऊर्जा गेली की उरतं त्यावर बाकी शरीर चालतं. ते फार कमी उरलं तर शरीर आधी पाळी बंद करतं, हाडं बांधायचं काम मागे ठेवतं, प्रतिकारशक्ती कमी करतं. मुलींमध्ये चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरीपेक्षा कमी उरणं हे धोक्याचं मानलं जातं. पाळी थांबणं हा आजाराचा इशारा आहे. ज्या वयात हाडात कॅल्शियम भरून घ्यायचं त्याच वयात ते थांबवलं, तर ती भरपाई नंतर पूर्ण होत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीची भाकरी काढून घेणाऱ्या माणसाला मी कोच मानत नाही.

लोहाचं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका-मुली रक्तक्षय असलेल्या निघाल्या. म्हणजे आपली पोरगी मैदानावर उतरते तीच रिकामा साठा घेऊन. त्यात पळताना टाच आपटून काही तांबड्या पेशी फुटतात, घामातून थोडं लोह जातं, आणि जोराच्या व्यायामानंतर काही तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढून आतडं लोह कमी शोषतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन पाहून गप्प बसू नका, फेरिटिन करून घ्या. आणि सकाळी भाकरी कोऱ्या चहात बुडवून खायची सवय असेल तर ती मोडा. चहातले घटक लोह अडवतात. चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा, जेवणावर लिंबू पिळा, पेरू द्या, आवळा द्या. माझ्याकडे जेवणासोबत चहा मिळत नाही, कुणी कितीही मागो.

नागलीवाल्यांनाही एक सांगायचंय. माझी सासू म्हणायची, नागली खाल्ली की दुसरं काही लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही, धान्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. मोड आणून दळलेली नागली त्यासाठी बरी. प्रोटीन मात्र तिच्यात जेमतेम ७ टक्के. बाजरीत १० ते ११, आणि लोहही नागलीपेक्षा जास्त. सिन्नर-येवल्याकडची बाजरी आपल्याला एवढी जवळ असताना दोन्ही आलटून पालटून खायला काय हरकत आहे? राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून जास्त लोहाची 'धनशक्ती' बाजरी काढली आहे. मिळाली तर घ्या.

तुमचा खरा प्रश्न प्रोटीनचा. मेहनतीच्या खेळाडूला दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम लागतं असं क्रीडा-आहाराचे जाणकार धरतात. सामान्य माणसाला राष्ट्रीय पोषण संस्था ०.८३ सांगते. तुमच्या मुलीला म्हणजे कमीत कमी ५४ ग्रॅम. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, मूठभर शेंगदाणे ७, नागलीच्या तीन भाकऱ्या १२-१३, दिवसभरात दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ १२-१३. झाले की ६० च्या आसपास. धान्यात लायसिन नावाचा जो प्रोटीनचा घटक कमी असतो तो डाळीतून मिळतो, म्हणून भाकरीबरोबर पिठलं आणि भाताबरोबर वरण. आणि भाकरी काढून पावडर दिलीत तर ते प्रोटीन चुलीत घातल्यासारखं आहे. ऊर्जा कमी पडली की शरीर तेच जाळतं. पळायला लागतं ते कर्बोदक, आणि ते भाकरीत आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं सांगितलंय. त्या सर्वसामान्य लोकांसाठी आहेत, राष्ट्रीय शिबिरातल्या खेळाडूला त्या जशाच्या तशा लागू करू नयेत, हे मान्य. जिल्हा पातळीवरच्या शाळकरी मुलीला मात्र लागू आहेत. शिवाय भेसळीच्या पावडरीतून बंदी असलेलं काही पोटात गेलं आणि चाचणीत सापडलं, तर नियमाने जबाबदार खेळाडूच. दुकानदाराला कुणी विचारत नाही.

मी डॉक्टर नाही. मुलीला दूध पचत नसेल, अंडी घरात चालत नसतील किंवा काही आजार असेल तर हिशोब बदलेल, आणि लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. पाळी तीन महिने आली नसेल किंवा हाडावर एकाच जागी दुखत असेल तर पळणं थांबवून आधी दवाखाना.

कोचशी बोलायला जाल तेव्हा तिची आई बरोबर असू द्या, कारण पाळीचं विचारावं लागेल आणि ते विचारलंच पाहिजे. त्यांना विचारा, आठवड्याला ती किती किलोमीटर पळते आणि तेवढ्यासाठी तिने किती खावं असं तुमचं म्हणणं आहे. आकडा सांगता आला नाही तर भाकरी कमी करायचं कशावरून ठरवलं, हेही विचारा. मैदानावर वजनकाटा असेल तर तुमच्या मुलीला त्यावर उभं करायला नकार द्या. वजन करायचंच तर डॉक्टरांकडे करा, आणि तो आकडा तिच्या आणि तुमच्याशिवाय कुणाला कळायचं कारण नाही.