मामा गोळ्या का घेत नाहीत?

सेलू तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. सासरे ७१ वर्षांचे. गेल्या पोळ्याच्या आठवड्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. संभाजीनगरला नेऊन अँजिओप्लास्टी केली, एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, टाकला. दिवाळीपर्यंत तब्येत ठीक होती. आता ताई लिहितात:

"मामा नुसते बसून राहायलेत. पारावर जाईनात, हरिपाठाला जाईनात. अर्धी भाकरी खाऊन ताट सारतात. रात्री तीनला उठून ओसरीवर बसतात. मी रोज चहासोबत गोळ्या हातात देते. परवा धुवायला बंडी घेतली तर खिशात गोळ्यांचा लगदा सापडला. उशीखाली बघितलं तर तिथंही. आमचे हे म्हणतात, म्हातारा पहिल्यापासून हट्टी आहे, अन् वर चार शब्द सुनावतात. आत्याबाई म्हणतात, वरणात कुस्करून घाल. नणंदबाई जिंतूरला आहेत, त्यांना अजून सांगितलं नाही. मी काय करू?"

ताई, आत्याबाईंचा वरणाचा उपाय आधी बाजूला ठेवा. हृदयाच्या काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात. नाडी मंदावणाऱ्या मेटोप्रोलॉलची 'एक्सएल' किंवा 'ईआर' लिहिलेली गोळी त्यातलीच. ती कुस्करली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं, नाडी आणि बीपी एकाएकी खाली येऊ शकतं. अ‍ॅस्पिरिनवर पोटाला त्रास होऊ नये म्हणून आवरण असतं, तेही निघून जातं. आणि वरण कडू लागल्याचं मामांच्या लक्षात आलं, तर आज अर्धी भाकरी खाणारा माणूस उद्या तीही बाजूला सारेल. तुमच्या हातचा चहा ते अजून बिनशंक घेतात. तो विश्वास घालवू नका.

आता घाईचं काम. झटक्यानंतर स्टेंट टाकला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, साधारण १२ महिने न चुकता घ्यायच्या असतात. मामांचं वर्ष अजून व्हायचंय. मध्येच खंड पडला तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. म्हणून पाकिटं काढा, उशीखालच्या आणि खिशातल्या गोळ्यांवरून किती दिवस चुकले याचा अंदाज घ्या आणि ज्या डॉक्टरांनी स्टेंट टाकला त्यांना आजच फोन लावा. काही झाकू नका. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम दोन-दोन देऊ नका. कोणती कशी पुन्हा सुरू करायची ते डॉक्टर सांगतील. तोवर छातीत दाब, दरदरून घाम, दम लागणं, हातात किंवा जबड्यात कळ असं काहीही झालं तर थेट १०८.

आता तुमच्या यजमानांच्या 'हट्टी' या शब्दाकडे येते. मला तो पटत नाही. हट्टी माणूस गोळी घेत नाही म्हणून तोंडावर सांगतो, भांडतो. मामा गोळी हातात घेतात, तुमचं मन राखतात आणि गुपचूप खिशात टाकतात. हरिपाठ सुटला, भूक गेली, पहाटे तीनला जाग येते, कशात जीव लागत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर नैराश्याचा आजार असण्याची शक्यता बरीच आहे. म्हाताऱ्या माणसांत तो पटकन ओळखू येत नाही, कारण ती 'मी उदास आहे' म्हणत नाहीत. अंगात त्राण नाही, छाती भरून आल्यासारखी वाटते, पोट साफ नाही, एवढंच म्हणतात. घरचे समजतात वय झालं, झटक्याने माणूस खचला.

झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला हा आजार गाठतो. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने तर २०१४ मध्ये, झटक्यानंतरचं नैराश्य पुढच्या धोक्याच्या कारणांत धरावं, असंच सुचवलं. गोळ्यांशीही त्याचा सरळ संबंध आहे. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या ९४० हृदयरुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये छापून आला. नैराश्य असलेल्यांपैकी १४ टक्के लोकांनी ठरल्याप्रमाणे गोळ्या घेत नाही असं सांगितलं. बाकीच्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. ज्याला उद्याचंच काही वाटत नाही, त्याने उद्यासाठीची गोळी आज का गिळावी? मामांच्या खिशातला लगदा मी असा वाचते.

म्हणून एक प्रश्न त्यांना विचारावाच लागेल, आणि तो तुमच्या घरात कुणी विचारलेला दिसत नाही. "मामा, जगणं नकोसं वाटतंय का?" असं विचारल्याने नको तो विचार डोक्यात येईल, ही भीती खोटी आहे. माणसाला उलट बोलायला वाट मिळते. सासऱ्यांना हे विचारणं सुनेला अवघड जाईल, मला कळतं. यजमान सध्या सुनावण्याच्या मनःस्थितीत आहेत, त्यांना नको. नणंदबाईंना दोन दिवस बोलावून घ्या. लेकीजवळ बाप बोलतो. ओसरीवर कुणी नसताना, हातात गोळ्यांचं पाकीट न घेता तिने विचारावं, आणि उत्तर आल्यावर "असं बोलू नये अण्णा" म्हणून त्यांना गप्प करू नये. ऐकून घ्यावं.

उत्तर 'हो' आलं, किंवा "सुटलो तर बरं" असं काही आलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उत्तर काहीही येवो, फवारणीचं औषध आजच घरातून आणि गोठ्यातून हलवा, कुलुपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. गोळ्यांचा साठाही तुमच्याजवळ असू द्या. कापूस-सोयाबीनच्या आपल्या भागात ही काळजी मी कुणालाही घ्यायला सांगते.

मन सोडून दुसरी कारणंही विचारा. लघवीची गोळी असेल तर सेलूच्या बाजाराला एसटीने जायच्या दिवशी ती टाळावीशी वाटणारच. वेळ बदलून मिळते. नाडी मंदावणाऱ्या गोळीने काहींना फार थकवा येतो. पैशाचा विचार करून टाळत असतील तर जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं खूप स्वस्त मिळतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकाच कॅप्सूलमध्येही येतं, ते चालेल का हे डॉक्टरांना विचारा. मूठभर गोळ्या बघूनच कित्येकांचं मन उडतं. आणि थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, सोडियम एकदा तपासून घ्या. यात गडबड असली तरी माणूस असाच गळून जातो.

मग मानसोपचार तज्ज्ञ. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जा. नांदेड, अंबाजोगाई, लातूर आणि संभाजीनगरची घाटी, या सरकारी मेडिकल कॉलेजांत मनोविकार विभाग आहे. 'वेड्याचा डॉक्टर' हा शब्द घरात कुणी काढलाच, तर तिथेच थांबवा. जाताना हृदयाच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. हृदयरुग्णांना चालणारी नैराश्याची औषधं आहेत. सर्ट्रालिन त्यांच्यात चांगलं तपासलं गेलंय; काही जुनी औषधं मात्र त्यांना शक्यतो देत नाहीत. ही निवड डॉक्टरांचीच. तुम्हाला माहीत हवं ते एवढं: गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत यातल्या काही औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून काळी शौच दिसली तर लगेच कळवायचं. गुडघेदुखीला मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणायची नाही. झोपेची गोळीही परस्पर नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. "आम्ही त्यांना कशालाच हात लावू देत नाही, सगळं हेच बघतात." प्रेमापोटीच करताय, पण माझा जीव इथे अडकला. पन्नास वर्षं ज्याने पेरणीचा दिवस ठरवला, बैलाची पारख केली, आडतीवर भाव केला, त्याला पोळ्यापासून कुणी काही विचारलेलं नाही. बसा आरामात, एवढंच ऐकतोय. डॉक्टरांना विचारून त्यांना रोज रानात चक्कर मारू द्या, आधी बांधापर्यंत, मग पुढे. चालण्याने हृदयालाही बरं आणि मनालाही. हरभरा कधी काढायचा हे यजमानांनी त्यांना विचारावं आणि त्यांचं ऐकावं. हरिपाठातल्या एखाद्या जुन्या सोबत्याला सांगा, संध्याकाळी येऊन सोबत घेऊन जा म्हणावं. मामा दोन दिवस नको म्हणतील. तिसऱ्या दिवशीही यायला सांगा.

गोळ्यांसाठी सात खणांची डबी आणा. रविवारी ती मामांनीच भरावी, तुम्ही शेजारी बसा. सकाळी त्यांनीच खण उघडावा आणि तुमच्यासमोर गिळावी. खिशातल्या गोळ्यांचा विषय एकदाच काढा, रागावून नाही: "मामा, मला सापडल्या. मी घाबरले." एवढंच.

आणि दवाखान्यात यायला ते तयारच झाले नाहीत, तर तुम्ही आणि नणंदबाई पाकिटं घेऊन आधी जाऊन या, डॉक्टरांना घरातलं सांगा. त्याआधी रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेली-मानस, ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता.