नाव लपवलं, नंबर राहिला

परळहून एक वाचक लिहितात: ‘लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. आयव्हीएफ सुरू आहे. त्याबद्दल मी इन्स्टाग्रामवर टोपणनावाने लिहिते. नवऱ्याला माहीत आहे, सासरी कुणालाच नाही. परवा नणंदेच्या मोबाइलवर माझंच अकाउंट ‘यांना ओळखता?’ म्हणून झळकलं. मैत्रीण म्हणते, खोट्या नावाने लिहिणं गुन्हा आहे. बंद करू का?’

ताई, मुळीच बंद करू नका. मैत्रिणीचा घोळ झालाय. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-ड तोतयेगिरी करून फसवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ना दुसऱ्या कुणाचं नाव लावलंत, ना कुणाला गंडवलंत. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसारही मोठ्या समाजमाध्यमांवर ओळख पडताळून घेणं ऐच्छिकच आहे. आणि १९३३मध्ये बायकांच्या मनातलं छापून खळबळ उडवणाऱ्या लेखिका ‘विभावरी शिरूरकर’ म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांना टोपणनाव का लागलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चुगली बहुधा तुमच्या नंबरने केली. नणंदेच्या फोनमध्ये तो सेव्ह आहे, तिने ॲपला कॉन्टॅक्ट बघू दिलेत आणि अकाउंट उघडताना तुम्हीही तोच नंबर दिलात. झालं!

आता आधी नवा ईमेल काढा. त्यात आडनाव नको, जन्मसाल नको. तो अकाउंटला जोडून कन्फर्म करा आणि मगच नंबर काढा. उलट क्रमाने गेलात तर स्वतःच बाहेर अडकाल. लॉगिनचा दुसरा कोड एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर (फोनमध्येच कोड तयार करणारं वेगळं ॲप) घ्या आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा, कारण फोन हरवला तर तेवढाच आधार. कॉन्टॅक्ट सिंक, म्हणजे फोनमधले नंबर ॲपकडे चढत राहणं, बंद करा. आधी चढलेले कॉन्टॅक्ट त्याने आपोआप जात नाहीत, ते वेगळे डिलीट करावे लागतात. इथे भलेभले फसतात. अकाउंट्स सेंटरमध्ये (इन्स्टाग्राम-फेसबुक एकत्र जोडणाऱ्या सेटिंगमध्ये) खऱ्या नावाचं फेसबुक जोडलेलं असेल तर तेही सोडवा. नणंदेला ब्लॉक केलंत तर तिला तशी सूचना जात नाही.

फोटोंचं जरा बघा. खिडकीतून दिसणारी गिरणीची चिमणी किंवा क्लिनिकच्या फाइलचा कोपरा पुरेसा असतो. व्हॉट्सॲपच्या डीपीला लावलेला फोटो इथे नकोच. वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर नंबर सगळ्यांना दिसेल. यूपीआयवर पैसे घेतलेत तर बँकेतलं नाव.

हा आडोसा नातेवाइकांपुरताच, बरं का. डॉक्टरांवर किंवा सासूबाईंवर नाव घेऊन आरोप केलेत तर पोलीस कंपनीकडून माहिती मागवू शकतात. उपचारांबद्दल बिनधास्त लिहा, माणसांची नावं गाळा.

राहिली नणंद. तिने विचारलंच तर उत्तर तुमच्या नवऱ्याने द्यावं, बहीण त्याची आहे. ‘सांगायचं तेव्हा आम्हीच सांगू’ एवढं पुरे. त्याला आजच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी तो तुमच्याकडेच बघत बसेल.