आयलंडवर गॅस बसवायचा असेल तर कोणती चिमणी घ्यावी? बिनपाईपची चालेल का?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत काढली आहे, मधोमध आयलंड, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा ओटा होणार, त्यावर ७५ सेंटीमीटरचा गॅस, खिडकी तिथून साधारण १४ फुटांवर. आणि दुकानदार म्हणतोय की बिनपाईपची (धूर बाहेर न नेता गाळून घरातच सोडणारी) घ्या, पाईपवालीसारखीच चालते.

नाही चालत. मी सहा वर्षांपूर्वी हेच ऐकून तसलीच घेतली होती. त्यातला कोळशाचा फिल्टर वास थोडाफार धरतो, तोही दर तीन-चार महिन्यांनी बदलला तर. वाफ, उष्णता आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू तो परत तुमच्याच डोक्यावर सोडतो. आमच्याकडे वर्षभरात फॉल्स सीलिंगला तेलकट पिवळी झाक आली. हिंगाच्या फोडणीचा वास तर हॉलमधल्या सोफ्याला येऊ लागला होता.

भिंतीलगतच्या गॅसला भिंत मदत करते. गरम धूर तिला धरून सरळ वर जातो. आयलंडला चारही बाजू मोकळ्या, त्यामुळे जरा वारा आला की धूर चिमणीच्या कडेबाहेर जातो. आपल्या घरात तो वारा येतो कुठून? डोक्यावरच्या पंख्यातून! एप्रिल-मेमध्ये हॉलचा पंखा बंद ठेवून स्वयंपाक करणारं घर मला तरी माहीत नाही. खरेदीआधी एक करा. आयलंडच्या जागी टेबल ठेवा, गॅसच्या उंचीवर उदबत्ती लावा आणि पंखा २ नंबरवर सोडा. धूर कुठे जातो ते बघा. आम्ही हे फार उशिरा केलं. शेवटी जेवणाच्या टेबलावरचा पंखा काढून भिंतीवरचा लावला, तेव्हा चिमणीचा खरा उपयोग सुरू झाला.

आता आकार. चिमणी गॅसपेक्षा दोन्ही बाजूंना ७-८ सेंटीमीटर तरी बाहेर हवी, म्हणजे तुम्हाला ९० सेंटीमीटरची. ६० ची स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. उंची गॅसपासून साधारण २६ ते ३० इंच, नक्की आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. (आमच्या घरातल्या सहा फुटी माणसाने पहिल्या आठवड्यात दोनदा कपाळ आपटलं. तरी ती वर सरकवायचा मोह टाळला.)

खेचण्याची ताकद: अमेरिकेतल्या होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटची शिफारस गॅसच्या रुंदीच्या दर फुटाला भिंतीलगत १०० सीएफएम (मिनिटाला तेवढे घनफूट हवा) आणि आयलंडला १५० अशी आहे. तुमच्या अडीच फुटी गॅसला हे ३७५ सीएफएम होतात, म्हणजे ताशी सुमारे ६४० घनमीटर. खोक्यावर ताशी १२००-१५०० घनमीटर लिहिलेलं बघून हे किरकोळ वाटेल. पण खोक्यावरचा आकडा बहुतेकदा पाईप न जोडता, सर्वांत वरच्या स्पीडचा असतो. १४ फूट पाईप आणि दोन वळणं लागली की त्यातलं बरंच गळून जातं.

म्हणून मी म्हणेन, मॉडेल नंतर, आधी पाईपचा मार्ग. पाईप ६ इंचीच हवा. काम करणारे ४ इंची लावून मोकळे होतात, पण त्याचं तोंड ६ इंचीच्या निम्म्याहूनही लहान असतं. आवाज वाढतो, ओढ कमी होते. वळ्या पडलेल्या लवचीक पाईपपेक्षा आतून गुळगुळीत, कडक पाईप घ्या आणि वळणं कमीत कमी ठेवा. बाहेरच्या तोंडाला झडप हवीच, नाहीतर कबुतरं घर करतात. आम्ही पुढे पाईपवाली बसवली, तेव्हा आमच्याकडे केलंच होतं. मधे बीम असेल तर त्याला भोक पाडू देऊ नका. पाईप बीमखालून न्यावा लागतो आणि तेवढं फॉल्स सीलिंग खाली येतं. चिमणीचं वजन मात्र सीलिंगवर नको, अँकर बोल्ट थेट स्लॅबमध्ये.

फिल्टर बॅफल (वाकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा) घ्या, आपल्या तेलकट स्वयंपाकात जाळीचा पटकन तुंबतो. ऑटो क्लीन (आतलं तेल स्वतःच साफ करणारी) असली तरी आतून पुसावं लागतंच.

ओट्यातूनच खाली खेचणाऱ्या चिमण्याही मिळतात. दिसतात छान. पण उंच पातेल्यातल्या वरणाची वाफ त्यांच्या हाती लागत नाही आणि गॅसची ज्योत बाजूला ओढली जाते. इंडक्शन असेल तर विचार करा. मग फुलके कशावर फुगवणार, ते घरात आधी ठरवा.

गॅसची लाईन आयलंडपर्यंत कशी येणार, तेही लादी बसण्याआधी गॅस कंपनीला विचारा. सिलिंडरची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब चालत नाही.

माझ्यावर सोडलंत तर गॅस खिडकीच्या भिंतीला ठेवेन आणि आयलंड चिरायला, कणीक मळायला, मुलांच्या गृहपाठाला. पण तुमचं मन आयलंडवरच असेल, तर खिडकीकडे जाताना बीम आहे का आणि त्याखाली किती उंची उरते, एवढं मोजून इथे लिहा. मग पाईपचा मार्ग नक्की सांगता येईल.