गोळ्या बंद करून फक्त पोटावर उपचार केला तर?

कुत्र्याला अॅलर्जी आहे असं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा गोळीबद्दल असतो: ‘ही आता जन्मभर द्यायची का?’ अलीकडे त्याला जोडून दुसरा येतो: ‘अॅलर्जीचं मूळ पोटातल्या जंतूंत असतं म्हणे. मग प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतू असलेलं पूरक, दिलं तर गोळ्या सुटतील का?’ साताऱ्यात एका पशुवैद्यकांच्या दवाखान्यात मी पालकांचं समुपदेशन करते. औषध डॉक्टर लिहून देतात; ते घरात नीट पार पडावं म्हणून बोलणं माझ्याकडे असतं. एका घराची हकीकत सांगते, म्हणजे या प्रश्नाचं उत्तर नीट देता येईल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

करंजे भागातले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. मुलगा पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि त्याचा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, बंड्या, यांच्याकडे राहिला. दोन वर्षांपासून बंड्या पंजे चाटायचा, कान हलवायचा, पोट खाजवून लाल करायचा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी थांबायचं, गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू. सरांनी शेवटी गोळ्या स्वतःच बंद केल्या आणि ऑनलाइन मागवलेली प्रोबायोटिक पावडर चालू केली. जोडीला दोन वेळा वाटीभर दही.

‘मॅडम, गोळी म्हणजे वरवरची मलमपट्टी. मला मुळावर उपाय हवाय,’ सर म्हणाले. त्यांनी रोजची नोंद असलेली वही आणली होती. पहिला आठवडा वाईट गेला, नंतर बराच फरक पडला, असं तिच्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. आता त्यांना पुढची पायरी गाठायची होती. निरोगी कुत्र्याच्या विष्ठेतले जंतू आजारी कुत्र्याच्या पोटात सोडतात असं त्यांनी वाचलं होतं. माण तालुक्यातल्या एका नातेवाइकांकडे मेंढरांमागे फिरणारी कुत्री आहेत, त्यांना कधी खाजही सुटत नाही. त्यांची विष्ठा चालेल का, असं ते विचारत होते. बंड्या टेबलाखाली बसून पंजा चाटत होता. लाळेने पंजावरचे केस तांबूस झाले होते आणि कानाला आंबूस वास येत होता.

सर जे वाचून आले होते ते खोटं नव्हतं. आतड्याच्या भिंतीलगत शरीराच्या प्रतिकारशक्तीचा मोठा पहारा असतो आणि कशावर चवताळायचं, कशाकडे दुर्लक्ष करायचं, याचं शिक्षण तिला तिथल्या जंतूंच्या सहवासात मिळतं. त्वचेची अॅलर्जी असलेल्या कुत्र्यांच्या आतड्यातली जंतूंची वस्ती निरोगी कुत्र्यांपेक्षा वेगळी आढळली आहे. मेंढपाळांच्या कुत्र्यांबद्दलचं सरांचं निरीक्षणही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. फिनलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेड्यात, माणसांच्या आणि जनावरांच्या गोतावळ्यात वाढलेल्या कुत्र्यांत अॅलर्जी कमी दिसली होती. पण त्यावरून तिथली विष्ठा आणून घातली की बंड्या बरा होईल, असं होत नाही. ज्या कुत्र्याची विष्ठा वापरायची त्याची जंत, जिआर्डिया, पार्व्हो अशा रोगांसाठी आधी तपासणी करतात. हे घरी करायचं काम नाही, आणि तेवढं मी सरांना स्पष्ट सांगितलं.

काकू इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. सर फोन घ्यायला बाहेर गेले तशा त्या पुढे सरकल्या.

‘पोरी, एक सांगू का? जुन्या पाकिटातली गोळी मी देत होते त्याला. कंदी पेढ्यात दडवून. रात्री दोन-दोन वाजेस्तोवर पाय चावत बसायचा गं, मला बघवंना. ह्यांना सांगितलं नाही.’

हे तुम्हीच सरांना सांगा, मी बसते सोबत, असं मी म्हणाले. त्यांनी सांगितलं. सरांनी वही चाळली, काकूंना तारखा विचारल्या. फरक पडू लागल्याचे दिवस आणि गोळीचे दिवस एकच निघाले.

दोघंही खजील झाले, म्हणून मी आधी एवढंच बोलले की खाज हे दुखणंच आहे. रात्रभर जागं ठेवणारी खाज सोसायला लावून मुळावरच्या उपायाची वाट बघणं कुत्र्यावर अन्याय आहे, आणि काकूंना नेमकं तेच सहन झालं नव्हतं. मात्र स्टेरॉइड आपल्या मनाने देणं किंवा बंद करणं धोक्याचं. तहान, लघवी, भूक वाढते हे दिसतं तरी; बरेच दिवस दिलेली गोळी एकदम तोडली तर शरीराची स्वतःची व्यवस्था कोलमडू शकते. कमी करायची तर डॉक्टरांच्या हिशेबाने, टप्प्याटप्प्याने.

मग सरांच्या वहीवरूनच मला त्यांना संशोधनाकडे कसं बघायचं ते सांगता आलं. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी त्वचेची अॅलर्जी असलेल्या १२ कुत्र्यांना विष्ठेतले जंतू तोंडावाटे एकदाच दिले. ५६ दिवसांनी त्यांची खाज आणि त्वचा दोन्ही सुधारलेली होती. बातमी आशेची आहे, मलाही ती वाचून आनंद झाला. पण औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं काहीतरी दिलेला, तशीच अॅलर्जी असलेला दुसरा गट शेजारी नसला, तर सुधारणा कशाची हे ठामपणे म्हणता येत नाही. ऋतू बदलला असेल, जेवण बदललं असेल, घरात कुणी पेढ्यातून गोळी देत असेल. प्रोबायोटिकचंही तसंच. लॅक्टोबॅसिलस या जंतूच्या काही जातींनी छोट्या अभ्यासांत खाज थोडी कमी झाली, तीही मुख्य उपचाराला जोड म्हणून.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कानात यीस्टचा संसर्ग निघाला. आधी तो, मग पिसवांचं औषध, आणि खाज आटोक्यात ठेवणारी वेगळी गोळी. त्यानंतर आहाराची चाचणी. इथे त्या घराचा खरा कस लागला.

बंड्याचं रोजचं जेवण दूध-चपाती, रविवारी चिकनचा रस्सा-भात. २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१६ च्या एका आढाव्यात अन्नाच्या अॅलर्जीला कारण ठरलेल्या पदार्थांत पहिले चार होते गोमांस, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू. म्हणजे चारांपैकी तीन बंड्याच्या ताटात. सर पोट सुधारावं म्हणून देत असलेलं दही दुधाचंच, काकूंचा पेढाही दुधाचाच. पावडरीचा डबा उलटा करून वाचला तर चव चिकनची! अन्नाच्या अॅलर्जीसाठी रक्ताची तपासणी भरवशाची नसते, त्यामुळे ८ आठवडे पूर्वी कधी न खाल्लेलं खाणं हाच मार्ग. मासे आणि रताळं ठरलं, काटे काढून, तेल-मिठाशिवाय. गोळी उकडलेल्या रताळ्यात. पावडर, दही, बिस्किटं सगळं बंद. नातू सुट्टीला आला तेव्हा त्याच्या खिशातलं बिस्किट बंड्याला जाऊ नये म्हणून काकूंनी दाराशीच झडती घ्यायला सुरुवात केली.

आठ आठवड्यांत खाज बरीच उतरली. मग एकेक पदार्थ परत देऊन पाहिला. दुधाने काही झालं नाही. चिकन दिल्यावर काही दिवसांतच कान पुन्हा लाल झाले. चिकन कायमचं बंद झालं, पण पावसाळ्यानंतर गाजरगवत फुलायच्या दिवसांत पंजे चाटणं परत आलंच. म्हणजे त्याला हवेतल्या कशाची तरीही अॅलर्जी आहे. गोळी पूर्ण सुटली नाही, ती आता वर्षातले काही महिनेच लागते. मासे-रताळं हा कायमचा पूर्ण आहार नाही, म्हणून डॉक्टरांनी चिकन नसलेला संतुलित आहार आखून दिला.

मध्यंतरी सरांनी पुन्हा विचारलं, आता प्रोबायोटिक देऊ का? डॉक्टरांची हरकत नव्हती. चिकनचा अंश नसलेलं, कुत्र्यांसाठीच बनवलेलं निवडलं. दोन महिने द्यायचं, तेवढ्यात गोळी, जेवण, शाम्पू यातलं काहीही बदलायचं नाही, आणि रोज रात्री खाजेला शून्य ते दहापैकी गुण द्यायचे. गुण सरांनी आणि काकूंनी वेगवेगळे, एकमेकांना न दाखवता लिहायचे असं ठरलंय. दोन वह्या सुरू झाल्या आहेत.