नव्या चिपच्या बातमीवर जुना कन्सोल विकू नका

ऐरोलीहून तुम्ही विचारलंय: सोनी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीची पुढच्या प्लेस्टेशनसाठी नवी चिप येतेय, तर पीएस४ (प्लेस्टेशन ४, सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) आत्ताच विकून थांबावं, की भावोजींना सांगून दुबईहून पीएस५ प्रो, म्हणजे पीएस५ ची जास्त ताकदीची आवृत्ती, मागवावा? वाचताना माझंच जुनं दुखणं आठवलं. माझं मत, दोन्ही करू नका.

जून २०२० मध्ये नव्या पीएस५ चा १०.२८ टेराफ्लॉप्स (चिपच्या गणनाशक्तीचं माप) हा आकडा वाचून मी पीएस४ विकला. भारतात पीएस५ आला २ फेब्रुवारी २०२१ ला, आणि बुकिंग बघता बघता संपलं. आठ महिने हात रिकामे, धीर सुटला. वाशीतल्या एका दुकानदाराकडून बाहेरून आणलेला पीस उचलला, ४९,९९० च्या छापील किमतीवर वीस हजार जास्त देऊन. पावती म्हणजे वहीचा कागद. त्याच पावसाळ्यात वीज गेली, झटक्यात परत आली आणि टीव्हीला जोडायचं एचडीएमआय पोर्ट गेलं. सर्व्हिस सेंटरला नेरुळहून तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा म्हणाले ठेवून जा, दुसऱ्यांदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा 'भारतातलं बिल नाही' म्हणत मशीन न उघडताच परत दिलं. वर तपासणीचे पैसे घेतले! हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? आजही संताप होतो.

प्रोचं तेच होईल. ६ गिगाहर्ट्झच्या वायफायला इथे परवानगी नसल्याचं कारण देऊन सोनीने तो भारतात आणलाच नव्हता. दुबईचं बिल इथे चालेल का, हे भावोजींनी पैसे भरण्याआधी सोनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा.

आता चिपचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक ह्युन यांनी तीन गोष्टी दाखवल्या. न्यूरल अ‍ॅरेज, म्हणजे चिपमधले सुटे गणक जोडून एआयसाठी एकत्र राबवणं. रेडियन्स कोअर्स, म्हणजे रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा माग काढून खऱ्यासारखी उजेड-सावली दाखवण्यासाठी) वेगळं हार्डवेअर. आणि मेमरीकडे जाणारा सगळा डेटा दाबून लहान करणं. मला तिसरी सर्वात मोलाची वाटते, कारण कन्सोलमध्ये गाडी अडते ती बहुतेक वेळा मेमरीच्या वेगापाशी. पण सर्नींनी स्वतःच सांगितलं की हे सगळं अजून सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकलेत आहे, कन्सोलमध्ये यायला काही वर्षं लागतील. तोवर तुम्ही काय खेळणार?

टेराफ्लॉप्सही मोजत बसू नका. प्रोमध्ये गणक ३६ वरून ६० झाले, तरी रेंडरिंग, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणं, सुमारे ४५ टक्केच वेगवान, हे सोनीचंच म्हणणं. यापुढची झेप चित्राचे कमी ठिपके (पिक्सेल) रंगवून उरलेले एआयने भरण्यात आहे. निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलमध्ये चिप कंपनी एनव्हिडियाचं डीएलएसएस हे तंत्र तेच करतं. मी इंजिनियर नाही, बारा वर्षं खेळतोय आणि वाचतोय इतकंच.

माझ्या मते साधा पीएस५ घ्या, इथल्या दुकानातून, जीएसटी बिलासकट. पीएस४ चे जवळपास सगळे गेम त्यावर चालतात. यूपीएसही घ्या, पावसाळ्यात ठाणे असो की ऐरोली, वीज सारखाच खेळ करते. आणि नवा हातात आल्यावर आधी पीएस४ चा डेटा वायफायवरून त्यात घ्या, मगच जुना विका. मी आधी विकला, आणि मुलाबरोबर तीन वर्षं खेळून जमवलेल्या सगळ्या सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) त्या पीएस४ सोबत गेल्या.