बाबांना समजतं, मग मागून म्हणता का येत नाही?

प्रश्न : ताई, चार महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला. हातपाय सावरले. आमचं सगळं समजतं, बोलतातही. पण शब्दांतली अक्षरं उलटसुलट होतात आणि 'माझ्यामागून म्हणा' म्हटलं की अडतात. भाषेची केंद्रं ठीक आहेत, इजा डावीकडच्या 'व्हाइट मॅटर'ला आहे, असं डॉक्टर म्हणतात. मग बोलणं का बिघडलं? – एक वाचक, सातारा

उत्तर : बाबांची समज शाबूत आहे, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी 'त्यांना काही कळत नाही' असं कुणी बोलू नये.

मेंदूच्या वरच्या करड्या थराखाली पेशींना जोडणारे तंतू असतात. मायलिनच्या स्निग्ध आवरणामुळे ते पांढरे दिसतात. तेच डॉक्टरांचं 'व्हाइट मॅटर'. कानशिलाजवळचा ऐकलेलं उमगणारा भाग आणि कपाळामागचा उच्चार जुळवणारा भाग यांना जोडणारा त्यांचा एक कमानदार जुडगा आहे, आर्क्युएट फॅसिक्युलस. बाबांचा हाच दुवा दुखावला असावा. केंद्रं धड राहून मधला दुवा तुटला तरी वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषेचा बिघाड होईल, हे कार्ल वेर्निके या विशीतल्या डॉक्टरने १८७४ मध्येच मांडलं होतं. आज या बिघाडासाठी जुडग्यालगतच्या करड्या थराकडेही बोट दाखवणारे संशोधक आहेत.

फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांचा १८६१ मधला प्रसिद्ध रुग्ण जवळजवळ फक्त 'टॅन' एवढंच म्हणायचा. ब्रोकांनी त्याचा मेंदू न चिरता पॅरिसच्या संग्रहालयात ठेवला. म्हणूनच पुढे त्याचा एमआरआय करता आला. २००७ मध्ये दिसलं की इजा वरवरची नव्हती, खोल तंतूंपर्यंत गेली होती. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण वाचा गेली की अनेकदा सगळं खापर एकाच ठिपक्यावर फुटायचं.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर 'चौकट' म्हणताना 'टौकच… चौटक…' असं करत मान हलवतात आणि पुन्हा सुरू करतात. चूक त्यांना ऐकू येते, शब्दही माहीत असतो. अशा वेळी मी थांबते. बाबांचा शब्द तुम्ही पुरा करू नका, त्यांना चाचपडू द्या. पाहुण्यांसमोर 'म्हणा बघू' तर अजिबात नको. नेमकी दुखरी जागा तीच आहे. मागून म्हणण्याचा सराव वाचा-उपचारतज्ज्ञांसमोर, लहान आणि ओळखीच्या शब्दांपासून व्हावा. घरी गप्पा मारा, पेपरमधल्या बातमीवर त्यांचं मत विचारा.

उपचारतज्ज्ञांकडे जाताना अहवालासोबत बाबांच्या सहज बोलण्याचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग न्या. तपासणीच्या खोलीत माणूस बिचकतो, घरच्या बोलण्यात अक्षरं नेमकी कुठे उलटतात ते नीट कळतं.