डोसिंग स्किडचं पहिलं काम घेतलंयस ना, मग हे आधी वाच

मित्रा, डोसिंग स्किड म्हणजे पाण्यात केमिकल मोजून सोडणारा पंप, टाकी आणि पाईप एका फ्रेमवर बसवलेले. त्याच्या ड्रॉइंगला हात लावायच्या आधी कस्टमरकडून केमिकलचं नाव, टक्केवारी, लाईनचं प्रेशर हे सगळं लेखी घे. पंपाचा साईज हिशोबाने काढ, म्हणजे बघ, तासाला १०० घनमीटर पाणी आणि २ पीपीएम (म्हणजे घनमीटरला २ ग्रॅम) क्लोरीन हवं तर तासाला २०० ग्रॅम, १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, पातळ क्लोरीन) असेल तर साधारण २ लिटर, मग पंप तासाला ४-५ लिटरचा घे म्हणजे स्ट्रोक (पंपाचा प्रत्येक ठोका) मधोमध चालतो आणि हायपो जुनं होऊन ताकद उतरली तरी वाढवायला जागा राहते.

मटेरियलमध्ये लोक फसतात. हायपोला एसएस ३१६ स्टेनलेस स्टील नको, पीव्हीडीएफ प्लास्टिकचं पंप हेड आणि टेफ्लॉनचा डायफ्राम (केमिकल ढकलणारा पडदा) घे. ओ-रिंग (सील) हायपोला व्हायटॉन रबराची, पण कॉस्टिक सोड्याला ईपीडीएम रबराची, तिथे व्हायटॉन टिकत नाही.

आता महत्त्वाचं. रबाळेला एका कंपनीत मी स्किड लावलं, सक्शन लाईन (टाकीतून पंपाकडे येणारा पाईप) वरून वळसा घालून आणली, दुसऱ्याच दुपारी फोन, पंप टकटक वाजतोय पण डोस शून्य. हायपो उन्हात गॅस सोडतं, तो वळशात साठून पंप लॉक झालेला. तेव्हापासून टाकी वर, पंप खाली, सक्शन आखूड आणि गॅस बाहेर काढणारा डीगॅसिंग व्हॉल्व्ह, यात मी तडजोड करत नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर जास्त झालं की उघडणारा) डिस्चार्जच्या, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या लाईनच्या, पहिल्या आयसोलेशन व्हॉल्व्हच्या (लाईन बंद करणाऱ्या) आधीच बसव, त्याचा रिटर्न टाकीत. सक्शनला कॅलिब्रेशन कॉलम (पंप खरंच किती ओढतो ते मोजायची खुणांची नळी) हवाच, पर्चेसवाला काढ म्हणाला तरी काढू नको रे. ट्रायल आधी पाण्यावर घे, गॉगल आणि ग्लोव्हज घालूनच.